बोंड्याला जेवायला बोलवा

सगळं सुरू झालं ते संक्रांतीनंतरच्या एका रविवारी, सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी. वेळ पक्की लक्षात आहे, कारण क्लासच्या मॅडमनी सातला बोलावलं होतं आणि उशिरा पोचणारी मी एकटीच होते. कडेवर माझी लेक पिऊ, दुसऱ्या हातात दोरी आणि दोरीच्या टोकाला बोंड्या. लांबून बघणाऱ्याला वाटलं असेल, बाई कुत्र्याला घेऊन आली. खरं म्हणजे कुत्रा बाईला घेऊन आला होता.

त्या दिवसापासून किस्से साठत गेले. कापूस वेचताना ओटीत एकेक बोंड पडत जातं, तेव्हा काही वजन वाटत नाही. बांधावर येऊन ओटी सोडली की कळतं, बापरे, केवढं झालं. माझं तसंच झालंय. बोंड्या घरी होता तोवर हे सगळं हसण्यावारी जात होतं. आता तो नाही. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, एरंडोलजवळ सुटला. तेव्हा रानं नांगरून मोकळी पडली होती, आता कपाशी गुडघ्याला लागली, तरी सापडलेला नाही.

मी अजूनही रविवारी मैदानावर जाते. क्लासमधली माणसं मला मध्ये बसवतात आणि एकेक जुना किस्सा काढतात. मी हसते. मग घरी येते आणि रिकामी दोरी पुन्हा खुंटीला लावते. दोरी न्यायची काही गरज नसते, पण हात घेतोच.

मी सातवी शिकलेली. पुढची शाळा दुसऱ्या गावात होती, म्हणून राहिलं. बोलते तसंच लिहितेय. शेवटपर्यंत वाचा मात्र, तुमच्याकडे एक काम आहे.

*

आधी क्लासला का गेले ते सांगते.

माझं सासर जळगाव. पिऊचे पप्पा पाइपाच्या कारखान्यात आहेत. दिवाळीत त्यांनी गेटवरून एक पिल्लू उचलून आणलं. बदामी रंगाचं आणि छातीवर पांढरा डाग, फुटलेल्या बोंडासारखा. म्हणून बोंड्या.

मी मुळात घाबरट. पिऊ शिंकली की मला न्यूमोनिया दिसतो. ती झोपेत जास्त वेळ हलली नाही तर मी तिच्या नाकाखाली बोट धरून बघते. अशा बाईच्या घरात दात असलेलं पिल्लू आलं. एक दिवस पिऊच्या हातात पोळी होती, बोंड्याने उडी मारून ती हिसकावली आणि त्याचा दात तिच्या बोटाला लागला. रक्त आलं नव्हतं, पण ओरखडा उठला. आम्ही डॉक्टरकडे गेलो, इंजेक्शनं घेतली. मी घरी येऊन पिऊपेक्षा जास्त रडले.

सासूबाई म्हणाल्या, "गावाला पाठवून दे त्याला. शेतात राहील, उंदीर धरील."

मी हो म्हणून बसले होते. पण दुपारी बोंड्या येऊन माझ्या पायावर हनुवटी ठेवून झोपला. आता पाय तर हलवता येईना. तेवढ्यात ह्यांचा फोन आला, की कॉलनीच्या मागच्या रिकाम्या प्लॉटवर एक मॅडम कुत्र्यांचा क्लास घेतात. पिल्लं आणि वयात येणारी कुत्री, एवढीच.

सासूबाईंनी ऐकलं आणि म्हणाल्या, "माणसाच्या पोरांना अंगणवाडीत जागा मिळेना, आणि कुत्र्याला क्लास."

*

मॅडम म्हणजे शुभांगी मॅडम. माझ्यापेक्षा थोड्याच मोठ्या, पुण्याला हे शिक्षण शिकून आलेल्या. आवाज चढवत नाहीत, कुत्र्यांवरही नाही आणि आमच्यावरही नाही. आमच्यावर चढवला पाहिजे, असं त्यांना पुष्कळदा वाटलं असणार.

पहिल्या दिवशी सगळे गोल उभे राहिलो. थंडी इतकी की कुत्र्यांच्या तोंडातून वाफ निघत होती. मॅडम म्हणाल्या, "एकेकाने नाव सांगा."

रावेरकडचे एक केळीवाले शेतकरी आहेत, त्यांना सगळे नाना म्हणतात. ते म्हणाले, "टायगर."

वरणगावच्या फॅक्टरीतून रिटायर झालेले आबा आहेत. त्यांच्याकडे पांढरी, झिपरी, मांजराएवढी कुत्री. ते सावधान उभे राहून म्हणाले, "छकुली."

मॅडम म्हणाल्या, "कुत्र्यांची नाही हो. तुमची."

माझी पाळी आली. सगळे बघताहेत म्हणून मला माझं स्वतःचं नावच आठवेना. तोंडातून निघालं, "बोंड्याची आई."

कडेवरून पिऊने माझी हनुवटी धरून तोंड तिच्याकडे वळवलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "नाही. माझी."

मॅडम पिऊकडे बघून म्हणाल्या, "आपल्यात पहिला नंबर हिचा."

तेव्हापासून तिथे माझं नाव बोंड्याची आईच पडलं. अजूनही तसंच हाक मारतात. फक्त आता हाक मारायच्या आधी जरा थांबतात.

*

दुसऱ्या का तिसऱ्या रविवारी हाकेचा धडा होता. मॅडमनी सगळी कुत्री मैदानाच्या त्या टोकाला नेली, आम्हाला या टोकाला उभं केलं आणि म्हणाल्या, "आता आपापल्या कुत्र्याला बोलवा."

आपल्याकडे कुत्र्याला कसं बोलावतात? "यू, यू, यू." घरोघरी शेवटची भाकरी हातात घेऊन बाई दारात येते आणि हेच म्हणते. आम्ही सगळ्यांनी एकदम सुरू केलं. यू यू यू यू. सगळी कुत्री सुटली ती थेट नानांकडे. नानांच्या खिशात कालच्या कोंबडीचे तुकडे होते. टायगर, छकुली, बोंड्या, सगळे नानांच्या अंगावर. एवढ्यात कॉलनीच्या भिंतीवरून चार-पाच मोकाट कुत्री उड्या मारून आली. कुठल्याशा गेटखालून एक म्हातारी कुत्री सरपटत आली, तिला पळता येत नव्हतं तरी आली. नाना दिसेनासे झाले. नुसती टोपी दिसत होती.

मॅडम शांतपणे म्हणाल्या, "आज ॲडमिशन बऱ्याच झाल्या."

मग त्यांनी समजावलं. जी हाक सगळं गाव मारतं, त्या हाकेला तुमचं कुत्रं सगळ्या गावाकडे जाईल. तुमचा स्वतःचा एखादा आवाज ठरवा, तो आला की दर वेळी काहीतरी चांगलं द्या. मी डब्याचं झाकण ठरवलं. स्टीलचं झाकण आणि त्यावर चमचा. आबांनी शिट्टी ठरवली. नाना म्हणाले, "मले काही ठरवायची गरज नही. माह्या टायगरले केळीच्या बागातली मोटर सुरू झाली का तो पळत येतो. मोटरीपाशी मी त्याले रोज भाकर देतो."

पुढच्या रविवारी नाना आले तेच हात जोडत. झालं असं, की टायगर संध्याकाळी बागेत शिरला आणि लाइट गेलेली. मोटर बंद. नाना बांधावर उभे राहून घसा फोडताहेत, टायगर येतच नाही. शेवटी त्यांनी वायरमनला फोन लावला.

"भाऊ, लाइट केव्हा येईन?"

"तास-दीड तास लागेल, नाना. एवढी काय घाई? केळी काय पळून चालली?"

"केळीले पाणी कालच झालं. मले कुत्रं बोलवायचंय."

वायरमनने दोनदा विचारलं, म्हणे, काय बोलवायचंय. मग म्हणाला, "नाना, घरी दुसरं कोणी आहे का? फोन द्या त्यांच्याकडे."

मॅडमनी सांगितलं, "आवाज खिशात मावेल असा निवडा." तेव्हा नानांनी मोटरचा आवाज मोबाइलमध्ये भरून घेतला. आता आमच्या मैदानावर दर रविवारी केळीला पाणी सुटतं.

*

आबांचा किस्सा आबा स्वतः सांगत नाहीत. म्हणून मी सांगते.

त्यांची उभी हयात भोंग्यावर गेलेली. भोंगा झाला की उठायचं, भोंगा झाला की जेवायचं. छकुलीला त्यांनी तसंच वळण लावलं. शिट्टी वाजली की बस, शिट्टी वाजली की ऊठ. सुरुवातीला ती क्लासमध्ये पहिली होती. मी घरी जाऊन बोंड्याला तिचं नाव सांगून टोमणे मारायची.

मग छकुली आठ महिन्यांची झाली आणि एका रविवारी आबांनी शिट्टी वाजवली तर तिने वळून पण बघितलं नाही. परत वाजवली. ती जाऊन एका खड्ड्यात लोळली. आबांचा चेहरा असा उतरला, की मला त्यांच्यासाठी चहा आणावा वाटला.

मॅडम म्हणाल्या, "आबा, ती विसरलेली नाही. वयात आली आहे. या वयात कुत्र्यांचे कान बंद होतात. ओरडायचं नाही, मारायचं नाही. पहिल्या धड्यापासून परत शिकवायचं आणि ती येईल तेव्हा आनंदाने घ्यायचं, उशीर झाला तरी."

"किती दिवस चालतं हे?"

"कुणाचं वर्ष, कुणाचं दीड वर्ष."

आबांनी शिट्टी खिशात ठेवली. म्हणाले, "आमच्या चिरंजीवांचं अजून चालू आहे. तो बत्तीसचा आहे."

सगळे हसले. आबाही हसले. पण नंतर मी बघितलं, नळापाशी एकटे उभे राहून ते मोबाइल लावत होते. पलीकडून कोणी उचलला नाही बहुतेक. त्यांनी खिशातून तुकडा काढला, खाली बसले, आणि छकुलीला पहिल्या धड्यापासून शिकवायला लागले.

*

आमच्या सासूबाई क्लासला कधीच आल्या नाहीत. पण मी घरी येऊन काय काय सांगते, ते भाजी निवडता निवडता सगळं ऐकायच्या.

बोंड्याला दारी आलेल्या माणसावर उड्या मारायची फार सवय. मॅडमनी उपाय दिला, की तो उडी मारेल तेव्हा ओरडू नका, ढकलू नका. त्याला तेच हवं असतं. पाठ फिरवा, हाताची घडी घाला. चारही पाय जमिनीवर आले की मगच वळा आणि गोड बोला. घरातल्या सगळ्यांनी सारखंच करायचं, नाहीतर कुत्रं गोंधळतं.

आता आमच्या आत्याबाई, म्हणजे सासूबाईंच्या नणंद, दर महिन्याला येतात आणि दारातूनच सुरू होतात. तुम्ही मला बोलावलंच नाही, तुम्ही मला विचारलंच नाही, बारशाला साडी कसली दिली. त्या दिवशीही तसंच सुरू झालं. मी आत चहा ठेवत होते. एकाएकी बाहेर शांत. मी डोकावले तर सासूबाई भिंतीकडे तोंड करून, हाताची घडी घालून उभ्या.

आत्याबाई म्हणाल्या, "अगं, मी तुझ्याशी बोलतेय."

सासूबाई भिंतीलाच म्हणाल्या, "शांत व्हा. मग वळते."

आत्याबाई घाबरून खुर्चीवर बसल्या. तशा सासूबाई वळल्या, हसल्या, आणि त्यांच्या हातावर बर्फी ठेवली.

आत्याबाई आता येतात तेव्हा आधी बसतात.

*

आता बोंड्याचा किस्सा. हा नीट वाचा.

पिऊच्या हातातलं हिसकावणं बंद व्हावं म्हणून मी क्लासला गेले होते, ते काही माझ्या डोक्यातून जात नव्हतं. मॅडमनी शिकवलं, की मुठीत तुकडा धरायचा. कुत्रं नाक लावेल, चाटेल, पंजा मारेल. मूठ उघडायची नाही. ते कंटाळून मागे बसलं आणि आपल्या तोंडाकडे बघायला लागलं, की एक ठरलेला शब्द म्हणायचा आणि मगच द्यायचं. हळूहळू समोर ताट ठेवलं तरी शब्दाशिवाय खात नाही.

मॅडम म्हणाल्या, "'घे', 'खा' असले शब्द नकोत. रस्त्यावर कोणीही घे म्हणून काहीही टाकतं, विषसुद्धा टाकतात. अनोळखी माणूस कुत्र्याला म्हणणार नाही, असं काहीतरी ठेवा."

नाना म्हणाले, "मंजूर." आबा म्हणाले, "हजर." माझ्या तोंडून निघालं, "चाल जेवाले."

माझं माहेर नरडाण्याकडचं, अहिराणी बोलणारं. माझे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणायचो, शेतातून आले की ओट्यावर हातपाय धुवायचे आणि दारात जो दिसेल त्याला म्हणायचे, "चाल जेवाले." पोस्टमन असो, मेंढ्यावाला असो, ज्याच्याशी बांधावरून भांडण चालू आहे तो असो. जेवणवेळेला दारात उभ्या माणसाला विचारल्याशिवाय आमच्याकडे ताट ओढत नाहीत. लग्न होऊन जळगावला आले तेव्हा मी सासूबाईंच्या एका मैत्रिणीला तसं म्हणून गेले, तर बायका तोंडाला पदर लावून हसल्या. मग मी शाळेच्या पुस्तकासारखं बोलायला शिकले. दादा गेले, आणि मला तसं म्हणणारं कोणी राहिलं नाही.

नाना म्हणाले, "कुत्र्याले चाल जेवाले? पोरी, त्याले ताट-पाटबी मांडावं लागीन."

मी म्हटलं, "अनोळखी माणूस म्हणेल का कुत्र्याला?"

मॅडम म्हणाल्या, "नाही म्हणणार. पक्कं करा."

बोंड्या ते असं शिकला, की मला पण खरं वाटेना. एका रविवारी मॅडमनी सगळ्यांच्या पुढे उकडलेल्या कोंबडीच्या ताटल्या ठेवल्या. टायगरने स्वतःची संपवली, मग छकुलीची. बोंड्या बसून राहिला. तेवढ्यात तिकडे पिऊ पडली. गुडघा खरचटला. मी पळाले, नळावर गुडघा धुतला, दहा वेळा विचारलं कुठे दुखतं, डोक्याला लागलं का, चक्कर येते का. बोंड्या माझ्या डोक्यातून पार गेला. परत आले तर बाकीचे घरी निघालेले आणि आबा म्हणताहेत, "अगं, त्याला बोलव."

बोंड्या ताटलीपुढे तसाच बसलेला. तोंडाच्या दोन्ही बाजूंनी लाळेच्या तारा, खाली मातीत ओल. ताटलीकडे बघतच नव्हता. मी गेले त्या वाटेकडे बघत होता.

मी म्हटलं, "चाल जेवाले." मग तो जेवला.

नाना टोपी काढून म्हणाले, "आता माह्या एकादशीची मलेच लाज वाटते."

घरी पिऊ त्याच्या शेजारी मांडी घालून पोळी खायला लागली. पोळी त्याच्या नाकापासून वीतभर लांब, आणि तो तोंड फिरवून बसलेला. पिऊही त्याला म्हणायची, "चाल देवाले," आणि तेवढं त्याला चालायचं. सासूबाई मात्र म्हणत नव्हत्या. "ते गावठी मी नाही बोलणार," म्हणायच्या. त्याची भाकरी कुस्करून ठेवायच्या आणि मी मोरीत असले तरी मला हाक मारायच्या, "ये गं लवकर. तुझा पाहुणा ताटावर खोळंबलाय."

गावाला पाठवायचं नाव मात्र त्यांनी पुन्हा काढलं नाही.

*

आखाजीला माझा भाऊ मुराळी म्हणून मला न्यायला आला. त्याच्या मालकाची पिकअप घेऊन आला होता. ह्यांना सुट्टी नव्हती. मी, पिऊ आणि बोंड्या निघालो. माहेरी लिंबाला झोका बांधून मैत्रिणी वाट बघत होत्या. दादांच्या ओट्यावर बोंड्याला बसवून एकदा तसं म्हणायचं, एवढंच माझ्या मनात होतं.

एरंडोलच्या अलीकडे टायर पंक्चर झालं. उतरून रस्त्याच्या कडेला उभे राहिलो. समोरून एका लग्नाची वरात आली. नवरदेव घोड्यावर, पुढे बँड, आणि आमच्या अगदी शेजारी कोणीतरी फटाक्यांची माळ लावली.

मॅडमनी सांगून ठेवलं होतं, की या वयात कुत्र्याला एखादी भीती अचानक बसते. बाहेरगावी पट्टा एक भोक आवळून ठेवा. मी आवळला होता. पण बोंड्या मागे सरकला, डोकं खाली घातलं, आणि पट्टा माझ्या हातात राहिला.

एका कडेवर पिऊ, ती कानावर हात ठेवून रडतेय. धावायचं तर तिला हायवेवर सोडायचं. भाऊ जॅक लावायला गाडीखाली होता, तो उठून पळेपर्यंत बोंड्या रस्ता ओलांडून गेला होता. नांगरलेलं काळं रान होतं, एक झाड नाही, एक झुडूप नाही. तो खूप लांबपर्यंत दिसत राहिला. मी झाकण वाजवत होते, पण बँड मोठा होता.

आखाजीला माहेरी पोचलेच नाही.

*

त्या रविवारी क्लास मैदानावर भरला नाही. सगळे एरंडोलला आले. आबांनी बोंड्याच्या फोटोचे कागद छापून आणले आणि दिसेल त्या टेम्पोला चिकटवले. मॅडम म्हणाल्या, "त्याचं नाव घेऊन ओरडत पळू नका, तो आणखी घाबरेल. ओळखीचा आवाज करा आणि थांबा."

मी गल्लीगल्लीतून डब्याचं झाकण वाजवत फिरले. डोळे सुजलेले, केस सुटलेले. एका घरातून एक बाई लगबगीने बाहेर आली. हातात जुन्या साड्यांचा ढीग.

म्हणाली, "एवढ्यात दोन डबे आणि परात देशील का?"

मी सांगितलं, मी भांडीवाली नाही, माझं कुत्रं हरवलंय. बाईने साड्या पायरीवर ठेवल्या, मला पाणी दिलं आणि माझ्याबरोबर चार गल्ल्या फिरली.

नाना पलीकडच्या शिवारात होते. बोंड्याने मैदानावर तो मोटरीचा आवाज इतक्यांदा ऐकलाय की तो येईलच, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी स्पीकर भाड्याने आणला होता. भर दुपारी, मे महिन्यात, मोटरीचा आवाज सगळ्या शिवारात. शेतकरी विहिरीकडे धावले, आपली मोटर कोणी सुरू केली म्हणून. मग एक जण नानांपाशी आला, स्पीकरकडे बघून म्हणाला, "किती एचपीची आहे?"

नाना म्हणाले, "पाचची. पण विकायची नही, भाऊ. कुत्रं बोलवायचंय."

टायगर आला. तीन गावांची मोकाट कुत्री आली. बोंड्या आला नाही.

*

घरी आल्यावर मला जेवण जाईना. ह्यांनी समजावलं, आईने फोनवर समजावलं, पिऊने माझ्या तोंडात घास कोंबला. तो तोंडातच राहिला. ताट समोर यायचं आणि मला ती ओली माती दिसायची.

एका दुपारी सासूबाईंनी ताट वाढलं. कळण्याची भाकरी, ठेचा, वरून तेल. ताट माझ्यासमोर ठेवलं. घे म्हणाल्या नाहीत, खा म्हणाल्या नाहीत. पलीकडे जाऊन दारात बसल्या, माझ्याकडे पाठ करून. बराच वेळ तशाच. मग पाठ फिरवलेलीच ठेवून, शाळेत पहिल्यांदा कविता म्हणणाऱ्या पोरीसारख्या अडखळत म्हणाल्या,

"चाल जेवाले."

मी जेवले.

*

आणि हा शेवटचा. गेल्याच आठवड्यातला.

दुपारी फोन आला. एरंडोलच्या पुढे, धुळ्याच्या रस्त्यावरचा एक ढाबेवाला. त्याने टेम्पोवरचा आबांचा कागद बघितला होता.

"ताई, कागदावर आहे तसंच कुत्रं इथे आलं होतं. बदामी. छातीवर पांढरं. वाळलंय फार."

मी विचारलं, "आहे का तिथे?"

"नाही ना, तेच सांगतोय. आमच्या माणसांनी भाकरी टाकली, वर रस्सा टाकला. खाईना. समोर बसलं आणि एकेकाच्या तोंडाकडे बघायला लागलं. आम्ही म्हटलं, घे. म्हटलं, खा रे बाबा. यू यू केलं. हलेना. नुसती लाळ गळत होती. मग कोणीतरी बोललं, खात नाही, लाळ गळतेय, पिसाळलंय हे. मग दगड मारून हाकललं त्याला. मला तुमचा कागद नंतर दिसला, ताई."

मी खुंटीवरची दोरी काढून हातात घेतली.

तो म्हणाला, "दगड मारला तरी लांब नाही गेलं. थोडं पुढे जाऊन पुन्हा बसलं. भाकरीकडे नाही, आमच्याकडेच बघत. असं का करत होतं, ताई?"

मी आणि भाऊ गेलो तोवर ती जागा रिकामी होती. भाकरी मुंग्यांनी खाल्ली होती.

तर काम एवढंच आहे. जळगाव-धुळे रस्त्याला, एरंडोल, पारोळा, नरडाण्यापर्यंत, कुठेही छातीवर बोंडासारखा पांढरा डाग असलेलं बदामी कुत्रं तुमच्या दारात येऊन बसलं आणि भाकरी टाकूनही खाईना, तर त्याला दगड मारू नका. जवळ जाऊ नका, हात लावू नका, कुत्रं अनोळखी आहे. लांबून भाकरी ठेवा, मागे सरका, आणि दारात आलेल्या माणसाला म्हणतो तसं त्याला दोन शब्द म्हणा. मान खाली घालून जेवायला लागला तर तो माझा बोंड्या. तो जेवू द्या. मला निरोप नंतर दिलात तरी चालेल. एरंडोलजवळच्या पद्मालयाच्या गणपतीच्या वाटेवर नारळवाले बसतात, त्यांच्याकडे माझा नंबर आहे, त्यांना सांगितलं तरी माझ्यापर्यंत पोचतं.

आणि हे पुढच्याला सांगा. एसटीत शेजारी बसलेल्याला, पिठाच्या गिरणीत, दवाखान्याच्या रांगेत, सांगा. अहिराणी येत नसली तरी चालतं. आमच्या सासूबाईंनाही येत नव्हती.